वाड्यावरचा मांड पुन्हा जागा करायचा तर

पौषातल्या धालांची, म्हणजे गोव्यातल्या बायकांच्या मांडावरच्या नाचगाण्यांची, तयारी श्रावणात सुरू करायची. मी ती पहिल्या वर्षी मार्गशीर्ष संपता संपता सुरू केली, आणि पहिल्या रात्री मांडावर आम्ही नऊ जणी होतो. म्हणून हे सगळ्यात आधी सांगते.

मी 1994 साली लग्न होऊन डिचोली तालुक्यातल्या या वाड्यावर आले. इथल्याच मराठी प्राथमिक शाळेत 26 वर्षं शिकवलं. पहिल्या पौषात सासूबाई मला हाताला धरून मांडावर घेऊन गेल्या होत्या. तेव्हा पाच रात्री धालो व्हायचे आणि पाचही रात्री जागा पुरायची नाही. पुढे ते हळूहळू बंद पडले. खाणींच्या भरात रस्त्यावरून दिवसभर खनिजाचे ट्रक जायचे, घरात लाल धूळ, बायकांचा निम्मा जीव ती धूळ झाडण्यात जायचा. गाणी धरणाऱ्या म्हाताऱ्यांपैकी एक गेल्या, दुसऱ्या मुलाकडे वास्कोला राहायला गेल्या. त्यात मांडावर नारळ कोणी फोडायचा यावरून दोन घरांत वाद झाला. 2012 साली खाणी थांबल्या, ट्रक गेले, धूळ बसली, तरी मांडावर कोणी उतरेना. अकरा वर्षं तो रिकामा होता. आता सलग चार पौष भरतोय. आजूबाजूच्या गावांतल्या बायका "तुम्ही कसं केलंत?" म्हणून विचारतात. त्यांना जे सांगते तेच इथे लिहिते आहे.

धालो म्हणजे काय ते गोव्याबाहेरच्यांसाठी थोडक्यात: पौष महिन्यात रात्रीची जेवणं आटोपली की वाड्यावरच्या बायका मांडावर जमतात. मांड म्हणजे वाड्याची राखून ठेवलेली मोकळी जागा. तिथे देवत्व मानतात, चपला घालून कोणी जात नाही. समई लावायची, नारळ ठेवायचा, धरतीमातेला आणि गावच्या देवांना हाक मारायची, मग समोरासमोर दोन रांगा धरायच्या. प्रत्येकीने शेजारणीच्या पाठीमागून हात घालायचा, म्हणजे रांग साखळीसारखी बांधली जाते. गात गात पुढे जायचं, कमरेत वाकायचं, तसंच मागे यायचं. एका रांगेने ओळ म्हणायची, दुसरीने ती उचलायची. आमच्याकडे ढोलकी नसते, पेटी नसते. कुठे पाच रात्री, कुठे सात, कुठे नऊ. शेवटच्या रात्री सोंगं निघतात आणि पहाट होते.

श्रावणात: गाणारी बाई शोधा

गाणी कोणाला येतात हे सभा बोलावून कळत नाही. सभेत सगळ्या "मला कुठे काय येतं" म्हणतात. एकेकीच्या घरी जायचं, आणि तेही तिच्या कामाच्या वेळी. आमच्या वरच्या घरच्या काकी तेव्हा 78 वर्षांच्या. मी गेले की त्या "विसरले गो सगळं" म्हणायच्या. एकदा त्या चवथीच्या, म्हणजे गणेशचतुर्थीच्या, फराळासाठी नारळ किसत बसल्या होत्या. मीही दुसरी आडोळी (खोबरं किसायची विळी) घेऊन बसले. तिसऱ्या नारळाला त्या आपसूक गुणगुणायला लागल्या. हात चालू असले की गाणं आठवतं, कारण ते बसून शिकलेलंच नसतं. त्या श्रावणात मी त्यांच्याबरोबर तांदूळ निवडले, वाल सोलले, गोधड्यांना टाके घातले आणि चवथीपर्यंत 14 गाणी माझ्याकडे आली.

फोन लगेच बाहेर काढू नका. मी दुसऱ्याच दिवशी रेकॉर्डिंग लावलं तर काकींचा आवाज घट्ट झाला आणि त्या शाळेतल्या मुलीसारख्या कविता म्हटल्यागत म्हणू लागल्या. फोन ठेवून दिला. महिन्याभराने त्यांनीच विचारलं, "ते तुझं यंत्र आज आणलं नाहीस?" मग रेकॉर्ड केलं. त्यांना विचारून केलं आणि कोणाला पाठवायचं नाही असं कबूल करून केलं. तो शब्द मी पाळला आहे.

आणखी एक चूक मी केली ती शिक्षिका असल्यामुळे. आमची गाणी कोकणी आणि मराठी अशी मिसळलेली आहेत. एकाच ओळीत अर्धं हे, अर्धं ते. वहीत उतरवताना माझा हात नकळत ते शुद्ध करत गेला. काकी "न्हंय" म्हणाल्या, मी "नदी" लिहिलं. पुढे वही बघून आम्ही ते गाणं पायांवर घेतलं तर वाकायच्या जागी सगळ्याजणी मागेपुढे. तीनदा तसंच झालं. मग काकींच्या लक्षात आलं. "न्हंय"मधला तो नाकातला लांबवलेला सूर जितका वेळ टिकतो तितक्यात कंबर वाकते आणि सरळ होते. "नदी" म्हटलं की शब्द आधी संपतो आणि अंग अर्ध्यावर राहतं. काकी म्हणाल्या, "तें शाळेंतलें उतर म्हज्या तोंडांत बसना." उतर म्हणजे शब्द. मी रात्री बसून सगळी वही पुन्हा लिहिली. तुम्हीही कानाला येईल तसंच लिहा. अर्थ कळला नाही तरी लिहा.

चवथीत: पाय मोकळे करा

धालो एकदम सुरू होत नाहीत. बायकांना एकमेकींचे हात धरायची सवय राहिलेली नसते. ती सवय फुगडीने लागते, आणि फुगडीला चवथीसारखा दुसरा मोका नाही. पणजी, मडगाव, मुंबई, जिथे कुठे माणसं गेलेली असतात ती सगळी चवथीला घरी असतात. पुरुष घुमट-शामेळ ही वाद्यं घेऊन घरोघर आरत्यांना जातात, त्यांच्या मागोमाग आम्हीही निघालो. ज्या घरी आरती, त्या घरी माटोळीखाली (गणपतीवर फळं-पानं बांधलेल्या चौकटीखाली) नमस्कार करायचा आणि अंगणात दोन फुगड्या घालून पुढे जायचं. कट्टी फुगडी, हातात नारळाच्या करवंट्या घेऊन घालतात ती, आजकालच्या मुलींना फार आवडते, कारण आवाज होतो आणि चुकलं तरी कळत नाही.

या फेरीत डोळे उघडे ठेवा. फुगडी सगळ्याच घालतात. फुगडी झाल्यावर कोण रेंगाळतं, कोण कडेला उभं राहून ओठ हलवतं, कोणाची सून सासूकडे बघून थांबते, ते बघा. मी घरी येऊन नावं लिहून ठेवली. पौषात माझी अर्धी रांग त्या यादीतूनच उभी राहिली.

मांडाचा मान आणि मांडाची जमीन

जुना वाद असेल तर तो बैठकीत सोडवायला जाऊ नका. चार लोकांसमोर माणूस मागे येत नाही. नारळावरून भांडलेल्या दोन्ही घरी मी वेगवेगळी गेले. वाद काढलाच नाही. "पूर्वी कोण काय करायचं ते मला सांगा, लिहून ठेवायचंय" एवढंच म्हणाले. दोन्ही घरांतल्या थोरल्यांनी सांगितलेलं जुळवलं तर निघालं असं की समई एका घराची आणि नारळ दुसऱ्या घराचा. मधल्या काळात समईवाल्या घराने सोयीसाठी दोन्ही एकत्र आणायला सुरुवात केली होती आणि तिथून ठिणगी पडली होती. आता आम्ही ते वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवलं आहे आणि दोन्ही घरांनी ते वाचलं आहे.

जमिनीबद्दल मात्र मला जरा कळकळीने सांगायचं आहे. मांडावर पेव्हर घालू नका. शेजारच्या एका वाड्यावर घातले. दिसायला स्वच्छ दिसतात, पण पौषातल्या थंडीत अनवाणी पायांना ते झोंबतात, सांध्यांत पायाची करंगळी अडकते, आणि सारवण त्यांच्यावर धरत नाही. आमच्याकडेही तो प्रस्ताव आला होता. वाड्यावरच्या आठ बायका जाऊन नको म्हणून सांगून आलो. आम्ही पहिल्या रात्रीच्या चार दिवस आधी गवत काढतो, खडे वेचतो, पाणी मारून माती चोपण्याने चोपतो आणि दोनदा शेणाने सारवतो. पहिलं सारवण पूर्ण वाळल्यावरच दुसरं, नाहीतर पापुद्रे सुटतात. दोन घरी अजून गुरं आहेत, शेण तिथून येतं. या सारवणाला मी मुद्दाम सगळ्यांना बोलावते. जी गात नाही, जिचे गुडघे दुखतात, जिला लाज वाटते, तीसुद्धा खडे वेचायला येते. आणि जिने मांड सारवला ती रात्री बघायला तरी येतेच.

वेळ, पैसा, उजेड

पूर्वीच्या बायका कुळागरातून आणि शेतातून घरी यायच्या. आता निम्म्याजणी औद्योगिक वसाहतीत पॅकिंगला, कोणी पणजीला ऑफिसात, कोणी दुकानात. आम्ही साडेनऊ ते साडेअकरा ही वेळ ठरवली आणि पाच रात्री अशा धरतो की पाचवी शनिवारी यावी. त्याआधी काकींना विचारलं. पौष चालू आहे तोवर चालेल, म्हणाल्या. दुसऱ्या गावात तिथी ठरलेली असेल तर तिला हात लावू नका.

वर्गणी गोळा करू नका. पैसे दिले की माणूस आपलं काम झालं असं समजतं. वस्तू मागा. एका घराकडून तेल, एकाकडून वाती, एकाकडून चहापत्ती, साखर, उकडलेले चणे, खोबरं. पहिल्या वर्षी रोख खर्च झाला 1,840 रुपये, तोही वायर आणि बल्बसाठी. हिशेब गाण्यांच्या वहीच्या मागच्या पानांवर असतो, कोणीही बघावा.

उजेड कमी ठेवा. पहिल्या वर्षी उत्साही मुलांनी मोठा फ्लडलाइट लावला. बायका त्या उजेडात उभ्याच राहीनात, पदर सावरत बसल्या. दुसऱ्या रात्री तो काढून लांब आंब्याच्या फांदीला एक पिवळा बल्ब लावला आणि समईला वाऱ्याचा आडोसा म्हणून झावळीचा झाप. तोंड दिसतं पण डोळे दिसत नाहीत, इतपत उजेड पुरे.

रांग कशी लावायची

सगळ्यात जास्त विचार इथे करा. जाणत्या सगळ्या एका टोकाला आणि नवख्या दुसऱ्या टोकाला, असं आपोआप होतं. मग जाणतं टोक पुढे धावतं, नवखं मागे फरपटतं आणि रांग तुटते. एक जाणती, एक नवखी, एक जाणती, असं लावायचं. नवखीच्या दोन्ही बाजूंनी पाठीवर हात असतो. ते हात पुढे ढकलतात तेव्हा ती पुढे जाते, वाकवतात तेव्हा वाकते. तिने पाय मोजायची गरज नाही. शब्द आले नाहीत तरी समोरच्या रांगेने ओळ म्हटलेली असते, तीच परत म्हणायची असते. हे नाचणं घडवलंय असं की न येणारीला त्यात जागा आहे. माझ्या सासूबाईंनी मला पहिल्या रात्री रांगेत घेतलं तेव्हा मला एक शब्द येत नव्हता. तिसऱ्या रात्री मी समोरच्यांच्या आधी ओळ उचलली होती आणि माझ्या पाठीवरचा त्यांचा हात दोनदा थोपटला गेला होता.

सूर नेहमी सगळ्यात वयस्कर बाईने धरायचा. तरुण मुली उंच पट्टीत सुरू करतात आणि तिसऱ्या गाण्याला सगळ्यांचे घसे बसतात. काकींचा सूर खाली असतो. सुरुवातीला मुलींना तो खर्जात वाटतो, पण त्या सुरात दोन तास गाता येतं.

रांगेत कोण, हा प्रश्न तुमच्याकडेही येईल. आमच्या वाड्यावर भाड्याने राहणारी बेळगावकडची एक मुलगी आहे, कन्नड बोलणारी, कारखान्यात पाळीने काम करते. दोन वर्षं ती बाळाला कडेवर घेऊन वईच्या, म्हणजे कुंपणाच्या, पलीकडून बघायची. मांड हा वाड्याचा, मग भाडेकरू चालतील का, अशी कुजबुज झाली. मी काकींकडे गेले. त्यांनी हातातलं काम थांबवलंसुद्धा नाही. "येवं दी तिका. म्हजे कुशीक उबी रावंदी." आणि खरंच स्वतःच्या डाव्या हाताला उभी केली, बाळ समईजवळ बसलेल्या आजीकडे. नवरा गेलेल्या दोघीजणी आमच्याकडे कडेला बसत असत. त्यांच्यासाठी मी वेगळं काही बोलले नाही. काकी स्वतः विधवा आहेत आणि सूर त्याच धरतात, हे सगळ्यांना दिसतच होतं. मी फक्त जाऊन त्यांचे हात धरले. एक लगेच उठली. दुसरी पुढच्या वर्षी.

स्टेजचं बोलावणं

दुसऱ्या वर्षी आम्हाला शहरातल्या एका महोत्सवात बोलावलं. आठ मिनिटं, एकाच रंगाच्या साड्या, आणि आयोजकांची अट की दोन्ही रांगांनी तोंड प्रेक्षकांकडे करायचं. मी हो म्हटलं, ती माझी चूक. समोरासमोर असलं की समोरचीच्या तोंडाकडे बघून ओळ उचलता येते. एकामागे एक उभ्या केल्यावर मागच्या रांगेला पुढचीचं ऐकूच येईना. दुसऱ्या गाण्यात त्या वेगळं म्हणत होत्या आणि आम्ही वेगळं. काकी मध्येच गप्प झाल्या. परत येताना बसमध्ये त्या काही बोलल्या नाहीत आणि त्या वर्षी मांडावर तीनच रात्री आल्या. मला ते अजून लागतं.

कार्यक्रम करायचेच असतील तर आपल्या मांडावर दोन-तीन पौष पूर्ण झाल्यावर करा, समोरासमोर उभं राहायला मिळेल अशा जागीच करा, आणि ज्यांना जायचं नाही त्यांना घरी राहू द्या. बक्षिसासाठी मुली वेगळ्या बसवायच्या असतील तर त्यांच्यासाठी वेगळी गाणी घ्या. मांडावरची गाणी आम्ही आता मांडावरच म्हणतो.

पुरुषांनी काय करायचं

हेही सगळे विचारतात. धालांच्या वेळी चहा करायचा, पोरांना सांभाळायचं आणि शेवटच्या रात्री लांब राहायचं. त्यांचा काळ चवथ आणि शिगमो, म्हणजे फाल्गुनातला होळीचा सण. त्यांच्या तयारीचं एकच सांगते, कारण आमच्या घरातही घुमट आहे. त्याला पूर्वी घोरपडीचं कातडं लावायचे. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार घोरपडीची शिकार गुन्हा आहे, त्यामुळे आता बकऱ्याचं कातडं लावतात. 2019 साली गोवा सरकारने घुमटाला राज्याचं वारसा वाद्य म्हणून जाहीर केलं, तेव्हापासून मुलांचा उत्साह वाढलाय. घुमटाचं मातीचं भांडं डिचोलीच्या कुंभारांकडे मिळतं. चवथीच्या आठवडाभर आधी गेलात तर घाईचं मिळेल, म्हणून आषाढातच सांगून ठेवा. आणि शिगम्याला रोमट (वाजतगाजत मिरवणूक) निघतं तेव्हा पहिलं नमन मांडावर होतं, म्हणून पौषात सारवलेली जागा फाल्गुनापर्यंत गाड्या लावून उखडू देऊ नका. त्यासाठी आम्ही कडेने दगड लावले आहेत.

शेवटची रात्र

सोंगांसाठी कपडे विकत आणू नका. नवऱ्याचा शर्ट, सासऱ्यांचं धोतर, काजळाच्या मिश्या, पुठ्ठ्याची बंदूक. आमच्या बँकेतल्या वहिनी शिकारी झाल्या होत्या आणि त्यांनी मांडाभोवती जो डुक्कर हाकलला तो प्रत्यक्षात गोधडी पांघरलेली आमची अंगणवाडीची बाई होती. वर्षभर एकमेकींना "कशा आहात, बऱ्या आहात" एवढंच बोलणाऱ्या बायका त्या रात्री पोट धरून बसतात. मात्र एक भान ठेवा: काहींच्या अंगात येतं. त्या वेळी फोन बंद, बाहेरच्या पाहुण्यांना आधीच सांगून ठेवायचं, आणि जिच्या अंगात येतं तिच्याजवळ घरची जाणती बाई पाण्याचा तांब्या घेऊन असायला हवी. ती सावरली की तिला आधी बसवा, मग प्रश्न.

पहाटे तांदूळ, गूळ आणि नारळाच्या रसाचं गोडशें सगळ्यांनी मांडावरच खायचं. समई विझू द्यायची नाही, ती पेटती घरी न्यायची. भांडी ज्याच्या त्याच्या घरी त्याच सकाळी पोचली पाहिजेत.

आणि झोपायच्या आधी दहा मिनिटं वही घेऊन बसा, दुपारपर्यंत निम्मं विसरायला होतं. आमच्या यंदाच्या पानावर हे आहे: पहिली रात्र 22, शेवटची 31. पेरणीचं गाणं चौथ्या ओळीपाशी दोनदा अडलं, काकींना विचारणे. साखर तिसऱ्या रात्री संपली. पूर्वेकडच्या कोपऱ्यात सारवण उखडलं, तिथे पाणी मुरतं, माती भरणे. बेळगावच्या मुलीला गुरुवारी दुसरी पाळी होती, अकराला सुटली, तिच्यासाठी थांबलो.